जिनिंगमधला ‘जिन’ आणि इंग्रजीचे अवघड शब्द

मागील अंकात इंग्रजी वाचनाविषयी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच आहे : साधे इंग्रजी कळते, परंतु वरच्या पातळीचा शब्द आला की वाक्य तिथेच अडते. यवतमाळपासून भंडाऱ्यापर्यंतच्या खेड्यांतून आलेल्या पत्रांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत आणि सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. इंग्रजी शब्दांचे केवळ उच्चार देवनागरीत दिले आहेत. त्यांचे स्पेलिंग कोशात शोधून वहीत उतरवण्याचे काम मी मुद्दाम वाचकांवर सोपवले आहे, कारण शोधलेला शब्द सांगितलेल्या शब्दापेक्षा जास्त दिवस टिकतो, असे बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवताना पाहिले आहे.

प्रश्न : सर, मी बी.ए. झाले असून गावातल्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करते. मोबाइलवर मिळालेल्या तीन हजार शब्दांच्या यादीतील तीस शब्द रोज मराठी अर्थासह पाठ करते. दोन महिन्यांनी पहिल्या आठवड्यातले शब्द पुन्हा पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक शब्द अनोळखी वाटले. माझी स्मरणशक्ती कमी आहे का? — एक विद्यार्थिनी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : तुमची स्मरणशक्ती इतरांसारखीच आहे, दोष यादीचा आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगटांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, त्या किती काळ लक्षात राहतात हे मोजले आणि १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्याच दिवसात गळून जातो आणि त्यानंतर गळती मंदावते, असे त्यांना आढळले. ज्या शब्दाभोवती वाक्य नाही, प्रसंग नाही, त्याची अवस्था त्या निरर्थक अक्षरांपेक्षा फारशी वेगळी नसते. त्यातच तुम्ही रोज नवे तीस शब्द घेता आणि जुन्यांकडे दोन महिने फिरकत नाही. पेरणी झाल्यावर वावराकडे थेट वेचणीच्या वेळी जाण्यासारखे हे झाले.

उपाय जुना आहे आणि त्याला खर्च नाही. सेबास्टियान लाइटनर या पत्रकाराने १९७०च्या दशकात पत्त्यांच्या पेटीची एक रीत लोकप्रिय केली. पुठ्ठ्याच्या खोक्यात पाच कप्पे करावेत. नवा शब्द पहिल्या कप्प्यात ठेवावा आणि तो रोज पाहावा. अर्थ बरोबर आठवला, तर तो पत्ता दुसऱ्या कप्प्यात जातो आणि दोन-तीन दिवसांनी समोर येतो, पुन्हा आठवला तर तिसऱ्यात जाऊन आठवड्याने येतो, आणि चुकला तर कोणत्याही कप्प्यातून पुन्हा पहिल्यात परततो. त्यामुळे पक्क्या शब्दांवर वेळ जात नाही आणि कच्चे शब्द सुटत नाहीत. पत्ते विकत आणू नयेत. लग्नसराई संपल्यावर प्रत्येक घरात पत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतो आणि त्यांच्या कोऱ्या पाठी कापल्या की वर्षभराची सोय होते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या पत्त्यांच्या मागे अजून ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ असे छापलेले होते, आणि कोणता शब्द कोणाच्या पत्रिकेवर आहे, यावरूनही त्याला अर्थ आठवत असे.

पत्त्यावर काय लिहावे, हा खरा प्रश्न आहे. समजा, शब्द ‘प्रिकॅरिअस’ आहे. यादीत त्याच्यासमोर ‘अनिश्चित’ एवढेच असेल आणि ते आठ दिवसांत पुसले जाईल. या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘विनवणी करून मिळालेले’ असा आहे. जे दुसऱ्याच्या मर्जीवर टिकून आहे आणि केव्हाही हातचे जाऊ शकते, ते प्रिकॅरिअस. म्हणून पत्त्याच्या मागे ‘कोरडवाहू कापसाची शेती प्रिकॅरिअस असते’ हे वाक्य पूर्ण इंग्रजीत लिहा. मृगाचा पाऊस ओढ देतो, तेव्हा बांधावर उभा राहून आभाळाकडे हात जोडणारा माणूस तुम्ही पाहिलेला आहे, आणि या शब्दाचा अर्थ त्या हातांत आहे. परीक्षेची तारीखही अनिश्चित असते, परंतु तिला प्रिकॅरिअस म्हणत नाहीत, हा भेद ‘अनिश्चित’ या एका शब्दाने कधीच कळला नसता.

रोज सात-आठ शब्द पुरेत. ते निवडताना तीन हजारांची यादी बाजूला ठेवून आधी तुमच्या परीक्षेच्या मागील प्रश्नपत्रिका घ्या. समानार्थी, विरुद्धार्थी आणि अनेक शब्दांबद्दल एक शब्द, या प्रश्नांत काही ठरावीक शब्द वारंवार येतात. उताऱ्यांसाठी न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली शैक्षणिक शब्दांची यादी उपयोगी आहे. तिच्यात केवळ ५७० शब्दकुटुंबे आहेत, परंतु शैक्षणिक लेखनातील दर दहा शब्दांमागे साधारण एक शब्द त्यांच्यातला असतो. शब्दकुटुंब म्हणजे ‘अ‍ॅनलाइज’ हे क्रियापद, ‘अ‍ॅनलिसिस’ हे नाम, ‘अ‍ॅनलिटिकल’ हे विशेषण आणि त्यांची इतर रूपे. एक शिकला की बाकीचे जवळजवळ फुकट मिळतात. या यादीतले शब्द दिसायला भारदस्त नाहीत, म्हणून मुले त्यांना ओलांडून दुर्मीळ शब्दांच्या मागे लागतात आणि उताऱ्यात नेमकी तेथेच अडखळतात.

वाचायला काही मिळत नाही, असेही तुम्ही पुढे लिहिले आहे. घरातील फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन तिच्यावरचे आणि सोबतच्या पत्रकातले इंग्रजी वाचा. ‘सिस्टेमिक’ म्हणजे आंतरप्रवाही, ‘काँटॅक्ट’ म्हणजे स्पर्शजन्य, ‘इन्हेल’ म्हणजे श्वासावाटे आत घेणे आणि ‘अँटिडोट’ म्हणजे उतारा. २०१७च्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. या चार शब्दांचे अर्थ घरातल्या सर्वांना माहीत असले पाहिजेत, परीक्षेला बसणाऱ्यालाच नव्हे.

प्रश्न : मी जिनिंगमध्ये काट्यावर काम करतो. अकरावीतल्या मुलीने ‘इन्जीनिअस’ आणि ‘इन्जेन्युअस’ यांतला फरक विचारला. दोन्ही शब्द मला तरी जुळ्या भावांसारखे दिसले. तिला सांगता येईल अशी काही खूण आहे का? — एक पालक, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : खूण तुमच्या कारखान्याच्या फाटकावरच लिहिलेली आहे. ‘जिनिंग’मधला ‘जिन’ हा ‘इंजिन’ या शब्दाचा तुटलेला तुकडा आहे. पूर्वी इंग्रजीत कोणत्याही युक्तीबाज यंत्राला ‘इंजिन’ म्हणत आणि बोलण्यात त्याचे ‘जिन’ झाले. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्राला ते नाव चिकटले. अमेरिकेत एली व्हिटनी यांनी तारेच्या दातांच्या अशा यंत्राचे पेटंट १७९४ मध्ये मिळवले. आपल्याकडच्या जिनिंगमध्ये बहुधा अशा दातांऐवजी रोलरची यंत्रे असतात, परंतु नाव तेच राहिले. आता ‘इंजिन’ हा शब्द लॅटिनमधील ‘इन्जेनियम’वरून आला आहे आणि त्याचा अर्थ आहे उपजत बुद्धी, कल्पकता. बुद्धीने घडवलेली वस्तू म्हणून इंजिन, आणि अशी वस्तू घडवू शकणारा कल्पक माणूस तो ‘इन्जीनिअस’. ज्याने बोटांनी सरकी काढणाऱ्या बायांकडे पाहून दोन रोलरांमधून रुई ओढून घेण्याची युक्ती काढली असेल, तो इन्जीनिअस.

‘इन्जेन्युअस’ त्याच घराण्यातला, परंतु वेगळ्या शाखेचा आहे. त्याचे लॅटिन मूळ ‘स्वतंत्र कुळात जन्मलेला’ अशा अर्थाचे होते. त्यातून मोकळ्या मनाचा, निष्कपट आणि पुढे भाबडा, असा अर्थ होत गेला. पहिल्यांदाच कापूस विकायला आलेला तरुण शेतकरी व्यापाऱ्याच्या तोंडी भावावर विश्वास ठेवतो, तेव्हा तो इन्जेन्युअस असतो. स्पेलिंगमधल्या दुसऱ्या ‘एन’नंतर ‘इन्जीनिअस’मध्ये ‘आय’ आहे आणि ‘इन्जेन्युअस’मध्ये ‘यू’. मुलीला सांगा की, ‘आय’वाल्या शब्दात इंजिन आहे. जिकडे इंजिन, तिकडे बुद्धी.

येथे भाषेने एक खोडी केलेली आहे आणि परीक्षा घेणाऱ्यांना ती फार आवडते. ‘इन्जेन्युइटी’ हे नाम रूपाने ‘इन्जेन्युअस’चे वाटते, परंतु आज त्याचा अर्थ भाबडेपणा नसून कल्पकता आहे. शेजारच्या शब्दाचा अर्थ त्याने पूर्वीच उचलला. उलट ‘डिसइन्जेन्युअस’ हा शब्द अग्रलेखांत वारंवार दिसतो. सर्व काही ठाऊक असून भोळेपणाचे सोंग घेणारा, असा त्याचा अर्थ आहे. मराठीत त्याला ‘वेड पांघरून पेडगावला जाणारा’ म्हणतात, आणि इंग्रजीत तेवढ्या चवीचा शब्द मला अजून सापडलेला नाही.

आणखी दोन शब्द तुमच्याच काट्यावरचे आहेत. ‘लिंट’ म्हणजे रुई, आणि ‘स्टेपल’ म्हणजे कापसाच्या धाग्याची लांबी. हाच ‘स्टेपल’ अन्नाच्या संदर्भात आला की ‘रोजचे मुख्य अन्न’ असा अर्थ होतो, आणि कागद टोचण्याची तारही स्टेपलच. ‘देशी’ कापसासाठी पुस्तकांत ‘इंडिजिनस’ हा शब्द येतो. त्याचा इंडियाशी संबंध नाही, तेथेच जन्मलेला एवढाच त्याचा अर्थ आहे. त्याच्यासारखा दिसणारा ‘इंडिजंट’ म्हणजे दरिद्री आणि ‘इंडिग्नंट’ म्हणजे अन्यायाने संतापलेला. हे तिन्ही शब्द मुलीने तीन वेगळ्या दिवशी शिकावेत. सारख्या रूपाचे शब्द एका दिवशी शिकले, तर ते एकमेकांत अडकून बसतात.

प्रश्न : सेवा सहकारी सोसायटीच्या कामामुळे बँकेचे इंग्रजी कागद हाताखालून जातात. मॉर्गेज, हायपॉथिकेशन, कोलॅटरल, मोरॅटोरियम, वेव्हर, सँक्शन हे शब्द रोज वापरतो, परंतु सभासदाने नेमका अर्थ विचारला की चाचपडतो. संस्कृत जाणणाऱ्या एका मित्राने ‘मॉर्गेज’ आणि ‘मोरॅटोरियम’ या दोहोंत ‘मृत’ आहे, असे सांगितले. ते खरे आहे का? — एक गटसचिव, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : तुमच्या मित्राचे म्हणणे निम्मे खरे आहे. ‘मॉर्गेज’मध्ये जुन्या फ्रेंच भाषेतले ‘मॉर्त’ म्हणजे मृत आणि ‘गाज’ म्हणजे तारण, असे दोन शब्द आहेत. स्पेलिंगमध्ये ‘टी’ आहे आणि उच्चारात तो नाही, कारण तो या ‘मॉर्त’चा अवशेष आहे. सतराव्या शतकातले इंग्लंडचे कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी त्याचा उलगडा असा केला की, कर्ज फेडले तर ते तारण सावकाराच्या दृष्टीने मेले आणि न फेडले तर जमीन कर्जदाराच्या दृष्टीने मेली. गहाणखतावर अंगठा उठवलेल्या माणसाला हा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. ‘मोरॅटोरियम’मध्ये मात्र मृत कोणी नाही. ते विलंब करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आले आहे. कानाला सारखे लागले म्हणून एका कुळातले मानू नये, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

मोरॅटोरियम म्हणजे वसुलीला दिलेली स्थगिती, माफी नव्हे. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना प्रथम तीन महिन्यांची आणि नंतर ३१ ऑगस्टपर्यंत स्थगिती देण्याची मुभा बँकांना दिली, आणि पीककर्जेही त्यात होती. पुष्कळांनी ती माफीच समजली, परंतु त्या काळाचे व्याज चालूच होते. माफीसाठी शब्द आहे ‘वेव्हर’. येथे २००८च्या केंद्र सरकारच्या योजनेचे नाव लक्षपूर्वक वाचावे, कारण तिच्या इंग्रजी नावात ‘डेट वेव्हर’ आणि ‘डेट रिलीफ’ असे दोन वेगळे शब्द होते. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना पात्र थकबाकीचा संपूर्ण वेव्हर मिळाला, आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांच्या वाट्याला रिलीफ आला. या रिलीफचा अर्थ असा की, उरलेली रक्कम भरली तर २५ टक्के सूट, आणि काही ठरावीक जिल्ह्यांत २५ टक्के किंवा २०,००० रुपये यांपैकी जास्त असेल ती. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याकडे पाच एकरांहून अधिक जमीन असली, तरी उत्पन्न बागायती दोन एकरांएवढे नसते. म्हणून कागदावर मोठा ठरलेला आमचा कास्तकार त्या दुसऱ्या शब्दात जाऊन पडला. मराठी बातम्यांत दोहोंना सरसकट ‘कर्जमाफी’ म्हटले गेले आणि सोसायटीच्या ओट्यावर कित्येक महिने भांडणे झाली.

‘हायपॉथिकेशन’साठी मराठीत ‘नजरगहाण’ असा सुरेख शब्द आहे. वस्तू कर्जदाराच्या ताब्यात राहते, तो ती वापरतो, परंतु तिच्यावर बँकेची नजर असते. कर्जावर घेतलेल्या ट्रॅक्टरच्या आरसी बुकात हाच शब्द छापलेला असतो, आणि कर्ज फिटल्यावर बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ देऊन ती नोंद काढून घ्यावी लागते. ‘कोलॅटरल’मध्ये ‘सोबत’ आणि ‘बाजू’ असे दोन लॅटिन घटक आहेत : मूळ कर्जाच्या बाजूला उभे केलेले तारण. ‘सँक्शन’चे मात्र संदर्भाशिवाय काही सांगता येत नाही. कर्ज सँक्शन झाले म्हणजे मंजूर झाले, परंतु एखाद्या देशावर सँक्शन्स लागल्या म्हणजे निर्बंध लागले. एकाच शब्दाचे असे उलट अर्थ इंग्रजीत अनेक आहेत, आणि ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेखही आणि नजरचूकही. सभासदाने विचारले तर या दुसऱ्या शब्दाचा अर्थ सांगताना जरा जपून सांगावे.

प्रश्न : मी संस्कृत आणि मराठी शिकवतो. सर्व इंग्रजी शब्द संस्कृतातून निघाले आहेत, अशी चित्रफीत विद्यार्थी दाखवतात. त्यांना काय सांगावे? आणि संस्कृतचा इंग्रजी शब्दसंग्रहासाठी खरोखर उपयोग होतो का? — एक शिक्षक, ता. लाखनी, जि. भंडारा

उत्तर : संस्कृत ही इंग्रजीची आई नाही, दूरच्या नात्यातली वडीलधारी आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांतील साम्य योगायोगाचे नसून त्या एका समान उगमातून निघाल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत सांगितले. पुढच्या अभ्यासाने ते पक्के झाले. इंग्रजीने आपले वरच्या पातळीचे बहुतेक शब्द लॅटिन आणि ग्रीकमधून घेतले आहेत, त्यामुळे हे नाते आपल्याला सर्वांत जास्त अवघड शब्दांत सापडते. साधे शब्द पाठ करावे लागतात आणि भारदस्त शब्द ओळखीचे निघतात, अशी ही गंमत आहे.

‘नाम’ घ्या. लॅटिनमध्ये ते ‘नोमेन’. ‘नॉमिनल’ शुल्क म्हणजे शब्दशः नाममात्र शुल्क. ‘इग्नॉमिनी’ म्हणजे नाव जाणे, बदनामी. गावाकडे ‘नाव घालवलं’ म्हणतात, अगदी तेच. ‘पाद’ घ्या. लॅटिन ‘पेदिस’ त्याचाच भाऊ आहे. ‘इम्पीड’ म्हणजे पाय अडकवणे, आणि मराठीत आपण कामात ‘खोडा घालणे’ म्हणतो, तेव्हा पूर्वी कैद्याच्या पायांत अडकवत असत तो लाकडी खोडाच आपल्या मनात असतो. दोन भाषांनी अडथळ्यासाठी एकच चित्र निवडले. ‘एक्सपिडाइट’ म्हणजे पाय सोडवणे, म्हणून काम लवकर मार्गी लावणे. ‘ज्ञा’ घ्या. ग्रीकमध्ये त्याचे ‘ग्नो’ होते आणि आपल्यासारखाच नकाराचा ‘अ’ पुढे लागून ‘अग्नॉस्टिक’ म्हणजे अज्ञेयवादी होतो. ‘वाच्’पासून आपल्याकडे वाचा, लॅटिनमध्ये ‘व्हॉक्स’, आणि ‘इक्विव्होकल’ म्हणजे ज्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच जातो ते संदिग्ध बोलणे. ‘दा’ धातूपासून आपले दान आणि ग्रीकांचा ‘डोस’ एकाच मुळाचे आहेत. वर राळेगावच्या विद्यार्थिनीला सांगितलेला ‘अँटिडोट’ म्हणजे विषाच्या विरोधात दिलेले. आणि ‘जन्’ तर हिंगणघाटच्या जिनिंगपर्यंत पोहोचतो, कारण ‘इन्जेनियम’मधला ‘जेन’ हाच तो जन्माचा धातू आहे.

वर्गात ही जोडी दाखवताना एक पथ्य पाळावे : कोशात व्युत्पत्ती पाहिल्याशिवाय फळ्यावर लिहू नये. मोरॅटोरियमचे वर पाहिलेच.

भारतातून थेट इंग्रजीत गेलेले शब्द हा निराळा भाग आहे. लूट, जंगल, पंडित हे सर्वांना माहीत आहेत. मुंगसाचे इंग्रजी ‘मंगूस’ हे मराठीतून गेले आहे, हे मुलांना सांगितले की ती खुलतात. वरुड–मोर्शीच्या संत्र्याला इंग्रजीत जे नाव आहे, ते ‘नारंग’चा फारसी, अरबी आणि फ्रेंच असा प्रवास करून झाले, आणि त्या वाटेत आरंभीचा ‘न’ गळाला. ‘नारंग’ स्वतः संस्कृतात द्रविड भाषांतून आला असावा, असे अभ्यासक मानतात. त्यामुळे त्या चित्रफितीला उत्तर द्यायचे, तर हे एक फळ पुरेसे आहे.

प्रश्न : आशा म्हणून काम करताना रुग्णांच्या कागदांवर अ‍ॅक्यूट, क्रॉनिक, बिनाइन, मॅलिग्नंट, कंजेनिटल, हेरिडिटरी असे शब्द दिसतात. घरचे लोक ‘क्रॉनिक’ म्हटले की घाबरतात. साध्या भाषेत काय सांगावे? — एक आशा स्वयंसेविका, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : ‘क्रॉनिक’मध्ये ग्रीक ‘क्रोनोस’ म्हणजे काळ आहे. क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चाललेला, जुनाट. त्यात भयंकरपणाचा अर्थ नाही आणि जुनाट सर्दीही क्रॉनिक असू शकते. ‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे अचानक उद्भवलेला आणि अल्पकाळात वाढणारा. मराठीत त्याला ‘तीव्र’ म्हणतात, म्हणून लोकांना हे दोन शब्द कमी-जास्त दुखण्याचे वाटतात, वस्तुतः त्यांचा पहिला संबंध काळाशी आहे. ‘बिनाइन’ गाठ कर्करोगाची नसते, ‘मॅलिग्नंट’ असते. एकाच्या आरंभी ‘चांगले’ आणि दुसऱ्याच्या आरंभी ‘वाईट’ या अर्थाचा लॅटिन घटक आहे. तेच घटक ‘बेनेव्हलंट’ म्हणजे परोपकारी आणि ‘मलेव्हलंट’ म्हणजे दुष्टबुद्धी यांत आढळतात.

‘कंजेनिटल’ म्हणजे जन्मजात आणि ‘हेरिडिटरी’ म्हणजे आनुवंशिक. हे दोन एक नव्हेत. गरोदरपणातील एखाद्या संसर्गाने बाळाला जन्मजात दोष येऊ शकतो, पण म्हणून तो आईबापांच्या रक्तातून आलेला नसतो. तुमच्या भागात हा भेद सिकलसेलमुळे महत्त्वाचा ठरतो. ‘सिकल’ म्हणजे विळा. या आजारात लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. तो आनुवंशिक आहे, परंतु त्याची लक्षणे बहुधा जन्मतः दिसत नाहीत, बाळ काही महिन्यांचे झाल्यावर दिसू लागतात. अहवालात ‘ट्रेट’ किंवा ‘एएस’ असेल, तर ती व्यक्ती वाहक आहे, तिला सहसा आजाराचा त्रास होत नाही. ‘डिसीज’ किंवा ‘एसएस’ असेल तर तो आजार. पतिपत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘ट्रेट’ या शब्दाचा साधा अर्थ ‘गुणधर्म’ असा आहे. एवढे सांगितले तरी लग्नाच्या मुलीच्या आईचा जीव भांड्यात पडतो, परंतु पुढचा सल्ला डॉक्टरांकडूनच घेण्यास सांगावे.

प्रश्न : सरकारी कार्यालयात अर्ज करताना इंग्रजीत काही वजनदार शब्द टाकले, तर छाप पडते का? असे दहा-बारा शब्द सुचवावेत. — एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : सुचवणार नाही. ज्या शब्दाची संगत ठाऊक नाही, तो कागदावर ठेवू नये. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो आणि चहा ‘स्ट्राँग’. दोन्ही शब्दांचा अर्थ पक्का माहीत असूनही अदलाबदल केली की वाक्य बिघडते. ‘फेमस’पेक्षा मोठा शब्द हवा म्हणून ‘नोटोरिअस’ लिहाल, तर ज्याचा गौरव करायचा त्याला कुप्रसिद्ध ठरवून मोकळे व्हाल. अर्ज मराठीत लिहिता येत असेल, तर मराठीतच लिहावा.

हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझी बदली होण्याची चर्चा होती आणि मला शाळा सोडायची नव्हती. मी वरिष्ठांना इंग्रजीतून कळवले की, बदलीच्या बाबतीत मी ‘डिसइंटरेस्टेड’ आहे. मला म्हणायचे होते, मला तीत रस नाही, आणि त्यासाठी ‘अनइंटरेस्टेड’ हा शब्द होता, तोही फारसा शिष्ट नव्हे. ‘डिसइंटरेस्टेड’चा रूढ अर्थ, ज्याचा त्यात कोणताही स्वार्थ नाही असा निःपक्षपाती. वरिष्ठांचे इंग्रजी माझ्यापेक्षा चांगले होते. या माणसाला कोठेही पाठवले तरी चालेल, असा त्यांनी रास्त अर्थ घेतला, आणि जुलैमध्ये मी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला रुजू झालो.